शेवटचा दिवस तुझा

"शेवटचा दिवस बदलून नाही मिळायचा, मॅडम," सहल कंपनीच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली. "म्हणजे तुम्ही कधीही फिरा, पण साहेबांना नाही जमणार."

काचताईंना वाटलं, पोरीला आपलं म्हणणं कळलेलंच नाही. जेवणाची सुट्टी निम्मी संपली होती, पलीकडे दुकानात कामं साचली होती, आणि ही आपली कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसलेली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आठवडाभर बेटावर राहायचं. नवरा रोज पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जाणार. त्या स्वतः पाण्यात उतरत नाहीत, काठावर बसतात. हे दरवर्षीचंच आहे. फक्त शेवटच्या दिवशी, शनिवारी, नवरा पाण्यात जात नाही. तो दिवस बायकोसाठी राखून ठेवतो. तर या वर्षी तो राखीव दिवस शनिवारऐवजी बुधवारी हवा, कारण तिथलं दीपगृह आतून बघायला फक्त बुधवारी उघडतात. बुधवारची बुडी साहेब शनिवारी मारतील. एवढं सोपं आहे.

"तेच सांगतेय ना मी. शनिवारी त्यांना पाण्यात जाताच येत नाही. रविवारी विमान आहे. खोल पाण्यात उतरलं की पुढे एक दिवस तरी विमानात बसायचं नाही, असा नियम आहे. या लोकांचा शेवटचा दिवस कोरडाच जातो. आमच्याकडे सगळ्यांची तिकिटं तशीच काढतो आम्ही."

"कोणाचा नियम?"

मुलीच्या टेबलावर सोड्याची बाटली होती. तिने ती उचलून उन्हात धरली. खाली पाण्याचा दाब असतो, त्या दाबाने हवा रक्तात मुरते, हळूहळू निघून जाते तोवर ठीक. पण लगेच विमानाने वर गेलं, तर झाकण एकदम उघडल्यावर बाटलीत होतं तेच अंगात होतं. माणूस दगावूही शकतो. मुलीने हे सगळं छान समजावून सांगितलं, आणि शेवटी अगदी निरागसपणे म्हणाली, "साहेबांना माहीत असणारच. पहिल्याच धड्यात शिकवतात त्यांना."

"हो, असणारच," काचताई म्हणाल्या आणि पर्स उचलून उठल्या.

रस्ता ओलांडून त्या दुकानात आल्या. चष्म्याचं मोठं दुकान होतं. पुढे आरसे, दिवे आणि गोड बोलणारी माणसं, मागे एक अरुंद खोली आणि तिच्यात काचा घासायचं मशीन. या मशीनवर काचताईंचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि नावही त्यावरूनच पडलं होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक ट्रे. त्यात फ्रेम, दोन कोऱ्या काचा आणि नंबराची चिठ्ठी. ट्रे आले त्या क्रमाने फळीवर लागत आणि त्याच क्रमाने खाली येत. रांग मोडायची नाही हा काचताईंचा कायदा होता. मालकांच्या मेव्हण्याचा चष्मासुद्धा त्यांनी एकदा दोन दिवस रांगेत ठेवला होता, आणि मालक मूग गिळून गप्प बसले होते.

रांग मोडायची ती एकाच माणसासाठी. नवऱ्याचा ट्रे आला की तो पहिला.

नवरा पाणीपुरवठा कार्यालयात कारकून होता. दिवसभर नळाला पाणी का येत नाही हे लोकांकडून ऐकून घेणाऱ्या माणसाला चाळिशीत खोल पाण्याचं वेड का लागावं, हे कोणालाच कळलं नव्हतं. पण लागलं ते लागलंच. दुकानातली माणसं त्याला 'पाणबुडे' म्हणू लागली, मग नातेवाईक म्हणू लागले, आणि शेवटी काचताईही मनातल्या मनात तेच म्हणू लागल्या. घरात न्हाणीघराच्या दारावर बारा महिने रबरी पोशाख लटकलेला असे आणि त्याचा वास टॉवेलांना लागे. पाणबुडे पलंगावर पडून श्वास रोखायचा सराव करत, आणि बाजूला झोपलेल्या बाईला आपण विधवा झालो की काय असं अधूनमधून वाटून जाई.

पाणबुड्यांचा नंबरही जबर. चष्मा काढला तर दारातला माणूस की दारातली छत्री हे त्यांना कळत नसे. पाण्यात चष्मा चालत नाही, म्हणून पाण्यातल्या मास्कच्या काचेला आतून नंबराच्या काचा चिकटवून द्यायचं काम काचताईंचं. त्या काचा त्यांनी स्वतः घासल्या, स्वतः बसवल्या. पाणबुड्यांनी समुद्राखाली जे काही पाहिलं, ते काचताईंच्या हातच्या काचेतून पाहिलं. धक्क्यावर बोटीत चढताना पाणबुडे चष्मा काढून बायकोच्या हातात देत, मास्क लावत आणि जात. मग काचताई टॉवेल, पिशवी, चपला आणि चष्मा घेऊन बसून राहत. बोट परत आली की धक्क्याच्या टोकाशी चष्मा हातात धरून उभ्या राहत, कारण मास्क काढल्यावर त्या माणसाला पुढची पायरीसुद्धा दिसत नसे. दहा-बारा वर्षं सुट्टी म्हणजे हे.

आणि एवढं सगळं गोड कशावर करून घेतलं, तर त्या शनिवारवर. शुक्रवारी रात्री पाणबुडे पोशाख धुऊन वाळत घालत आणि म्हणत, "उद्या मी पाण्यात जात नाही. शेवटचा दिवस तुझा." काचताईंना ते ऐकताना दरवर्षी बरं वाटे. नुसतं बरं नाही, अभिमान वाटे. बहिणीने एकदा टोमणा मारला, की बाई तू नवऱ्याबरोबर सुट्टीला जातेस की त्याच्या चपलांबरोबर, तेव्हा काचताईंनी तिला ठणकावून सांगितलं होतं की समुद्रासारखी वस्तू समोर असताना माझ्यासाठी एक दिवस सोडतात ते, तुझा नवरा क्रिकेटचा सामना तरी सोडतो का बघ. दुकानात, शेजारी, लेकीच्या सासरी, सगळीकडे त्यांनी तो शनिवार मिरवला होता.

मशीन घरघरत होतं आणि काचताईंच्या हातातली काच किंचित जास्त घासली गेली. नव्या काचेची नासाडी झाली. असं त्यांच्या हातून वर्षानुवर्षांत झालं नव्हतं. त्यांनी मशीन बंद केलं.

सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच होतं. पहिल्या वर्षी ते विमानाने गेलेच नव्हते. तेव्हा बोटीने गेले होते आणि बोटीनेच परतले होते. म्हणजे त्या वर्षी पाणबुड्यांना शनिवारीही पाण्यात जाता आलं असतं, आणि तरी ते गेले नव्हते. भाड्याच्या दोन सायकली घेऊन दोघं बेटभर हिंडले होते, चढावर दम लागला म्हणून दीपगृहाच्या पायऱ्यांवर बसले होते. दीपगृह बंद होतं. मान वर करून काचताई म्हणाल्या होत्या, की आत केवढी मोठी काच असेल, किती थरांची असेल, कोणी घासली असेल. "कधीतरी आतून बघू," पाणबुडे म्हणाले होते आणि त्यांनी आपल्या रुमालाने काचताईंच्या मानेवरचा घाम पुसला होता. तो एक दिवस खरा होता. पुढचे सगळे त्याच्या नावावर खपवलेले. एकही खरा नसता तर काचताईंना इतकं लागलं नसतं.

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा पाणबुडे जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून बसले होते. बेटाजवळ एक जुनं जहाज बुडालेलं होतं, त्याचा तो नकाशा. या वर्षी पाणबुड्यांनी खोल उतरायची वरची परीक्षा पास केली होती, त्यामुळे आता त्यांना त्या जहाजापर्यंत जाता येणार होतं. गेले सहा महिने घरात दुसरा विषय नव्हता. कागदाच्या चार कोपऱ्यांवर त्यांनी काचताईंच्या स्वयंपाकघरातले चार डबे ठेवले होते.

काचताईंनी चपला काढल्या, हात धुतले, टेबलापाशी आल्या आणि विचारलं, "शनिवारी तुम्ही पाण्यात का जात नाही?"

"तुझ्यासाठी," पाणबुडे नकाशातून मान वर न करता म्हणाले.

इतकं सहज म्हणाले, की काचताईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "विमानासाठी," त्या म्हणाल्या.

पाणबुड्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग विचारलं, "कोणी सांगितलं?"

"तिकिटं काढणाऱ्या पोरीने. तिला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, तुमच्याबरोबर बुड्या मारणाऱ्या त्या वकिलाला माहीत असेल, बोटवाल्याला असेल. मला सोडून सगळ्या बेटाला माहीत आहे की हा माणूस शनिवारी रिकामा असतो म्हणून बायकोला फिरवतो."

यावर पाणबुडे जे बोलले ते कुठलाही नवरा बोलला असता. त्यात काय एवढं, दिवस तर तुझ्याबरोबरच घालवत होतो, दुसरीकडे कुठे गेलो होतो का? काचताई म्हणाल्या, जायला जागा कुठे होती. पाणबुडे म्हणाले, तू खूश असायचीस, मग कशाला सांगून विरस करायचा. काचताई म्हणाल्या, तोंडाला पानं पुसलीत ती पुसलीत, वर माझ्या खुशीचं नाव घेऊ नका. मी त्या एका दिवसाच्या जिवावर तुमच्या चपला सांभाळल्या. मग पाणबुड्यांचाही आवाज चढला. चपला सांभाळ असं कोणी सांगितलं होतं? पाण्यात ये म्हणून किती वर्षं मागे लागलो होतो. तरणतलावात कमरेएवढ्या पाण्यात माझ्या गळ्याला मिठी मारून ओरडलीस, सगळी पोरं हसली. तू भित्री आहेस यात माझा काय गुन्हा?

हे खरं होतं. काचताईंनी खरोखर प्रयत्न केला होता, आणि पाणी छातीला लागताच त्यांचा श्वास अडकला होता. त्या भीतीची त्यांना लाज होती, आणि नवऱ्याला ती लाज ठाऊक होती. म्हणूनच त्याने ते नेमकं आत्ता काढलं.

काचताई खुर्ची ओढून समोर बसल्या. त्यांनी नकाशाच्या कोपऱ्यावरचा एक डबा उचलला आणि मांडीवर घेतला. कागद त्या बाजूने गुंडाळत वर आला.

"मला बुधवार द्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. मागच्या महिन्यात दुकानात एक म्हातारा चष्मा करायला आला होता, त्याची सगळी नोकरी दीपगृहात गेलेली. त्याने सांगितलं, बेटावरचं दीपगृह बुधवारी उघडतात, वरपर्यंत नेतात, काचेला हातसुद्धा लावू देतात. आपण नेहमी शनिवारी गेलो, म्हणून नेहमी बंद दिसलं. या वर्षी बुधवारी जाऊ.

"बुधवारी जहाज आहे," पाणबुडे म्हणाले.

"माहीत आहे."

"आठवड्यातून एकदाच बोट जाते तिथे. दीपगृह कुठे पळून जातंय?"

"जहाज तरी कुठे पळतंय. बुडालेलंच आहे ना?"

"मग तू जा की बुधवारी. मी पाण्यात असताना तुला कोण धरून ठेवतंय?"

"एकटीच जायचं तर तुमच्याबरोबर कशाला येऊ? दीपगृह मी कधीही बघेन. मला बुधवार हवाय."

पाणबुड्यांना ते कळलं. कळलं नसतं तर ते लगेच हसले असते किंवा ओरडले असते. ते बराच वेळ कागदाचा वर आलेला कोपरा बोटांनी दाबत राहिले. मग म्हणाले, वकिलाला विचारावं लागेल. हा वकील म्हणजे त्यांचा पाण्यातला सोबती. पाण्याखाली कोणी एकटं जात नाही. जोडीने उतरायचं, एकमेकांवर नजर ठेवायची, जोडीने वर यायचं. आपण गेलो नाही तर वकिलालाही जाता येणार नाही, त्याचीही सहा महिन्यांची तयारी वाया जाईल.

"जोडीदाराला ऐन वेळी सोडायचं नाही, हा नियम आहे," पाणबुडे म्हणाले.

"आणि काठावर कोणी बसलेलं असेल, तर त्याचा काय नियम?"

काचताईंनी मांडीवरचा डबा नेऊन स्वयंपाकघरात जागेवर ठेवला, मग एकेक करून उरलेले तीनही नेले. नकाशाची सुरळी झाली आणि ती टेबलावरून खाली पडली. दोघांपैकी कोणीच ती उचलली नाही.

पुढचे काही दिवस घरात बोलणं कामापुरतं झालं, आणि कामंही कमीच निघाली. काचताई टीव्हीचा आवाज वाढवत, पाणबुडे उठून तो कमी करत. न्हाणीघराच्या दारावरचा रबरी पोशाख काचताईंनी उचलून गच्चीत टाकला, पाणबुड्यांनी तो परत आणून मुद्दाम त्यांच्या धुतलेल्या टॉवेलावर टांगला. लेकीचा फोन आला की दोघंही तिच्याशी हसून बोलत आणि फोन ठेवला की पुन्हा भिंती होत. काचताई रागावल्या होत्या, पण खोटं कशाला बोला, त्या वाटही बघत होत्या. हा माणूस एखाद्या सकाळी चहा घेताना "बरं, बुधवार" एवढंच म्हणेल, असं त्यांना रोज वाटे. त्या दोन शब्दांवर त्यांनी मागचं सगळं सोडून दिलं असतं. चपलाही सांभाळल्या असत्या.

शुक्रवारी संध्याकाळी त्या चहा घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या. पाणबुडे खिडकीशी पाठमोरे उभे राहून फोनवर बोलत होते.

"छे छे, बुधवार पक्का," ते म्हणत होते. "घरचं मी बघतो हो. पुढच्या वर्षी दाखवू म्हणतो तिला दीपगृह. होईल दोन दिवसांत शांत. नेहमीचंच आहे."

काचताईंनी कप खिडकीच्या कट्ट्यावर, त्यांच्या कोपराजवळ ठेवला. पाणबुडे वळले. कप कोणी ठेवला ते त्यांनी पाहिलं, आणि बायकोने काय ऐकलं असेल तेही त्यांना कळलं. त्यांनी फोन बंद केला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण काचताई तोवर आत गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या सहल कंपनीत गेल्या आणि आपलं नाव काढून टाकायला सांगितलं. मुलगी बिचारी घाबरली. मी काही चुकीचं बोलले का मॅडम, म्हणून विचारू लागली. काचताईंनी तिला सांगितलं, की तू एकटीच बरोबर बोललीस. मग तिच्या चष्म्याची दांडी सैल होऊन नाकावर घसरत होती ती त्यांना बघवेना, म्हणून पर्समधला बारीक स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी तिथेच ती आवळून दिली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पाणबुड्यांना पाकीट मिळालं. त्यांनी तिकीट बाहेर काढलं, मग पाकिटात पुन्हा बोटं घालून बघितलं.

"तुझं?"

"दुकानात काम आहे."

पाणबुड्यांना वाटलं होतं, बायको रुसली तरी शेवटी बॅग भरेल. इतकी वर्षं तसंच झालं होतं. आता त्यांना काय बोलावं ते सुचेना, आणि सुचेना म्हणून ते चिडले. म्हणाले, ठीक आहे, नको येऊस, तिथे माझं काही अडत नाही. सामान चोरायला कोणी टपलेलं नसतं. निदान एक आठवडा कोणाचं तोंड न बघता शांतपणे जाईल. काचताई म्हणाल्या, पाण्यात तुमच्या तोंडात हवेची नळीच असते, तुम्हाला शांत राहायला माझी काय अडचण? मग दोघं आपापल्या कुशीवर झोपले.

सकाळी दारात, खांद्यावर मोठी बॅग अडकवून, पाणबुडे थांबले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. "बोटीत चढताना चष्मा कोणाकडे देऊ?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

"वकिलाकडे द्या," काचताई म्हणाल्या. "जोडीदार आहेत ना तुमचे." आणि दार लावून घेतलं.

दाराला पाठ लावून त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. जिंकल्यासारखं वाटेल अशी त्यांची कल्पना होती. तसं काही वाटलं नाही. घर नेहमीपेक्षा मोठं वाटलं आणि रबराचा वास तेवढा राहिला होता.

शुक्रवारपर्यंत एकही फोन आला नाही, आणि काचताईंनीही केला नाही. बुधवारी मशीनवर काम करताना त्यांची नजर सारखी घड्याळाकडे जात होती. आत्ता बोटीत चढले असतील. आत्ता खाली गेले असतील. खोल, अंधाऱ्या पाण्यात त्या गंजलेल्या सांगाड्यात हा आंधळा माणूस शिरला असेल, आणि डोळ्यांवर आपल्या हातच्या दोन काचा. मास्कच्या काचेचा चिकटवलेला सांधा निघायला लागला असेल का, या वर्षी आपण तो तपासून दिला नाही, हे त्यांना आठवलं. मग त्या स्वतःवरच भडकल्या. बुडू दे की. वकील आहे ना नजर ठेवायला. पण चारच्या सुमाराला बोट परत येते हे त्यांना ठाऊक होतं, आणि चार वाजेपर्यंत त्यांच्या हातून एकच काम झालं.

शनिवारी त्या नेहमीसारख्या दुकानात आल्या. पुढे गर्दी होती, फळी ट्रेंनी भरली होती. दुपारी फोन वाजला.

"मी बोलतोय," पाणबुडे म्हणाले. आवाज गेंगाणा येत होता.

"सर्दी झाली का?"

"नाही. मास्क लावलाय."

"पाण्यात आहात?"

"पाण्यात कसा असेन? शनिवार आहे." मग त्यांनी सांगितलं. बुधवारी जहाजावरून वर आल्यावर वकिलाला इतका आनंद झाला, की तो बोटीत धाडकन बसला तो टॉवेलावर. चष्मा टॉवेलात होता. दांडी मोडली, दोन्ही काचांचा चुरा. बेटावर चष्म्याचं दुकान नाही. तेव्हापासून पाण्यातला मास्क लावूनच हिंडतोय. जेवायलासुद्धा. पोरं मागे लागतात. हॉटेलवाल्याने फोटो काढला. वकील काल रात्रीच्या बोटीने गेला, त्याला काम होतं.

काचताईंना हसू आलं नाही असं नाही. चड्डी, चपला आणि डोळ्यांवर पाण्यातला मास्क अशा अवतारात बाजारातून चाललेला पाणीपुरवठ्याचा कारकून त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. त्यांनी हसू आवाजात येऊ दिलं नाही.

"आत्ता कुठे आहात?" त्यांनी विचारलं.

"दीपगृहाच्या पायऱ्यांवर बसलोय." पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. "म्हटलं बघून यावं. बंद आहे. बुधवारीच उघडतं म्हणे."

"ते मी सांगितलं होतं."

"हो. सांगितलं होतंस."

पुढच्या खोलीतून कोणीतरी चष्म्याबद्दल विचारायला दारात डोकावलं. काचताईंनी हातानेच थांबायला सांगितलं.

"खालून दिसते गं ती काच," पाणबुडे म्हणाले. "गोलात गोल, थर आहेत. ऊन पडलंय तिच्यावर. मास्कमधून स्वच्छ दिसतंय सगळं. तू बघायला हवी होतीस."

"हो. बुधवारी."

मग पाणबुडे म्हणाले, "जहाज काही एवढं नव्हतं." काचताई मशीनवरची काचेची भुकटी पुसू लागल्या. "दिवस जाता जात नाहीये," ते म्हणाले. "विमान उद्या आहे. काय करू कळत नाही इथे."

"शेवटचा दिवस आहे," काचताई म्हणाल्या. "तुमचाच आहे. घालवा."

त्या फोन ठेवणार तेवढ्यात पाणबुडे घाईने म्हणाले, "सोमवारी ऑफिस आहे. चष्मा लागेल."

"बघते."

फोन ठेवून काचताई उठल्या. रिकामा ट्रे घेतला, मजबूत अशी साधी फ्रेम काढली, कपाटातून दोन जाड कोऱ्या काचा काढून त्यात ठेवल्या. नंबर पाठ होता, पण बाकीच्यांसारखी चिठ्ठी लिहून तीही ट्रेमध्ये टाकली. सवयीने त्यांचा हात मशीनकडे वळला होता. तिथून त्यांनी तो मागे घेतला, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या आणि ट्रे सगळ्यांच्या मागे, रांगेत शेवटी ठेवला. सोमवारपर्यंत काही त्याची पाळी येणार नव्हती. मग पहिला ट्रे उचलून त्या मशीनपाशी बसल्या आणि त्यातली चिठ्ठी वाचायला त्यांना जरा वेळ लागला, म्हणून त्यांनी आपला चष्मा काढून पुसला.